आबांचा मणी आणि माझी टेप : लघवी सुटण्यावरची दोन ऑपरेशनं, आमच्या घरचा अनुभव

आमच्या घरात एकाच वेळी दोघांना लघवीचा कंट्रोल न राहण्याचा त्रास होता आणि वर्षभर दोघांनीही एकमेकांना कळू दिलं नव्हतं. एक मी, वय ४७, आणि दुसरे माझे सासरे, आबा, वय ७३. आबांना कृत्रिम स्फिंक्टर, म्हणजे लघवी रोखून धरणारं आत बसवायचं यंत्र, बसवून आता तीन वर्षं होत आली आणि माझी टेप, म्हणजे मूत्रनलिकेला आधार देणारी जाळीची पट्टी, बसून दीड वर्ष झालं. या दोन्ही गोष्टी आत बसवल्या की बाहेरनं काहीच दिसत नाही, त्यामुळं वापरून बघितलेला माणूस भेटतच नाही, भेटला तरी बोलत नाही. आम्ही सांगलीत राहतो, पलीकडं मिरजेत दवाखानेच दवाखाने, तरी माहिती गोळा करायला मला किती महिने लागले ते माझं मला ठाऊक. म्हणून सगळं लिहिते.

आधी आबांचं. तासगावकडची द्राक्षबाग त्यांनी चाळीस वर्षं सांभाळली. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी त्यांची ग्रंथी काढली, कॅन्सरचं चांगलं झालं, रिपोर्ट नॉर्मल आले, पण लघवी थांबेना. या ऑपरेशननंतर काही महिने असं होणं नॉर्मल आहे, बहुतेकांचं व्यायामानं वर्षभरात सुधारतं, डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलेलं. आबांचं सुधारलं नाही. दिवसाला पाच-सहा डायपर. आई ते रात्री पेपरात गुंडाळून, वर काळी पिशवी घालून, जिन्याखाली ठेवायच्या आणि सकाळी घंटागाडी आली की सगळ्या गल्लीच्या आधी स्वतः नेऊन टाकायच्या, मला हात लावू द्यायच्या नाहीत. मला वाटायचं ओला कचरा वेगळा करतायत. आबांनी बागेत जायचं बंद केलं, लग्नाकार्याला जायचं बंद केलं, आणि आम्ही समजत होतो की कॅन्सरचा धक्का बसलाय.

मग एकदा पुण्याला चेकअपला निघालो तर पेठ नाक्याला थांबा, कराडला थांबा, साताऱ्याच्या अलीकडं थांबा, खंबाटकी उतरल्यावर परत थांबा, आणि शेवटच्या वेळी आबा गाडीतनं उतरलेच नाहीत, नुसते मान खाली घालून बसले. ह्यांनी आरशातनं बघितलं, मग विषय न बदलता सरळ विचारलं. तेव्हा सगळं कळलं.

पुण्याच्या युरोसर्जननी पहिल्यांदा जे सांगितलं ते मला फार आवडलं, की आधी किती गळतंय ते मोजून आणा. चोवीस तासांतले सगळे ओले डायपर किचनच्या काट्यावर वजन करायचे, त्यातनं तेवढ्याच सुक्या डायपरचं वजन वजा करायचं, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. हे काम ह्यांनी केलं. जवळपास सातशे ग्रॅम भरलं. मग दुर्बिणीतनं आतली तपासणी आणि युरोडायनॅमिक नावाची टेस्ट झाली, त्यात मूत्रपिशवीतला प्रेशर बघतात, कारण पिशवीच स्वतःहून आवळत असेल तर नुसती तोटी दुरुस्त करून उपयोग नाही. ज्यांचं थोडं किंवा मध्यम गळतं अशा पुरुषांना जाळीच्या पट्टीचा स्लिंग बसवतात, त्यात पंप वगैरे काही नसतं. आबांचं गळणं जास्त होतं, म्हणून स्फिंक्टर.

हे यंत्र नेमकं काय आहे ते सांगते, कारण आम्हाला वाटलेलं की बॅटरीवर चालतं. बॅटरी नाही, वायर नाही, सिलिकॉनचं आहे आणि पाण्याच्या दाबावर चालतं. त्याचे तीन भाग. एक पट्टा, त्याला कफ म्हणतात, तो मूत्रनलिकेभोवती गुंडाळतात. एक छोटा फुगा, तो ओटीपोटात बसवतात. आणि एक पंप, तो अंडकोशाच्या पिशवीत कातडीखाली असतो. तिन्ही बारीक नळ्यांनी जोडलेले आणि आत सलाईनसारखं द्रव भरलेलं. एरवी पट्टा फुगलेला असतो, नलिका दाबून धरतो, लघवी गळत नाही. जायचं असेल तेव्हा पंप दोन-चार वेळा दाबायचा, पट्ट्यातलं पाणी फुग्यात जातं, पट्टा सैल होतो, लघवी होते. परत काही करायचं नाही, तीन-पाच मिनिटांत पाणी आपोआप पट्ट्यात येतं आणि नलिका बंद होते. फुग्याचा दाबही ठरलेला असतो, जास्त वापरतात तो ६१ ते ७० सेंटिमीटर पाण्याचा, म्हणजे गळू नये एवढा पण नलिकेचा रक्तपुरवठा तुटू नये इतपतच. ही कल्पना आजची नाही, अमेरिकेतल्या ब्रँटली स्कॉट नावाच्या सर्जननी १९७२ ला पहिल्यांदा असं यंत्र बसवलं आणि आता जगभर सगळ्यात जास्त बसवतात ते एएमएस ८०० हे मॉडेल ऐंशीच्या दशकापासून वापरात आहे. आबांचं कुठल्या कंपनीचं ते लिहीत नाही, मला कुणाची जाहिरात करायची नाही आणि कुणाला नावही ठेवायचं नाही.

ऑपरेशन दीड-दोन तासांचं झालं, दोन दिवसांनी घरी. आणि इथं सगळ्यात मोठा गैरसमज होतो, तो आमचाही झाला. बसवल्यावर यंत्र लगेच चालू करत नाहीत, सूज उतरून जखम भरेपर्यंत साधारण सहा आठवडे पट्टा सैलच ठेवतात. त्या सहा आठवड्यांत आबांना पहिल्यासारखंच गळत होतं. एवढा लाखांचा खर्च केला, जखमेचं दुखणं सोसलं, आणि डायपर तेच. डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, कागदावर लिहिलेलंही होतं, पण रोज सकाळी ओला डायपर बघितला की माणसाचा विश्वास राहत नाही हो. आई देवापुढं बसून रडल्या, ऑपरेशन फेल गेलं म्हणून. तर ज्यांचं होणार आहे त्यांनी हे सहा आठवडे घरातल्या प्रत्येकाला आधी समजावून ठेवा.

सहा आठवड्यांनी चालू करायला गेलो. डॉक्टरांनी टेबलावरचा सुटा पंप आबांच्या हातात दिला, असा दाबायचा म्हणून. आबांनी तो अंगठा आणि बोटात धरला, फिरवून बघितला आणि म्हणाले, "हा तर सोनाकाचा मणी आहे." सोनाका ही लांबट द्राक्षाची जात, आणि पंप खरंच तसाच, लांबट, बोटाच्या पेराहून थोडा मोठा. तेव्हापासून आमच्या घरात पंपाला मणीच म्हणतात आणि त्यामुळं माझी फार सोय झाली, सुनेनं सासऱ्याशी हा विषय बोलायचा कसा ते एका शब्दानं सुटलं. "आबा, मणी बरा आहे का?" एवढंच विचारायचं.

पण मणी दाबणं सोपं नव्हतं. आयुष्यभर छाटणीची कात्री चालवून आबांच्या उजव्या अंगठ्याचा सांधा आखडलाय, आणि पंप आत इकडंतिकडं सरकतो, एका हातानं वरनं नळ्यांपाशी धरून ठेवावा लागतो आणि दुसऱ्यानं दाबावा लागतो. पहिले आठ-दहा दिवस बाथरूममधनं पंधरा-पंधरा मिनिटं बाहेर यायचे नाहीत. ह्यांनी दाराबाहेर उभं राहून "वरनं धरा, खाली दाबा" असं सांगत शिकवलं. आता अर्ध्या मिनिटाचं काम. तरी मी म्हणेन की ज्यांच्या हाताला कंप आहे, संधिवात आहे, पक्षाघात झालाय किंवा विसरण्याचा आजार सुरू झालाय, त्यांनी ऑपरेशनच्या आधी सुटा पंप मागून घेऊन दाबून बघावा. चांगले सर्जन स्वतःच बघतात. दुसऱ्या कुणी दाबून द्यायची ही गोष्ट नाही.

रिझल्ट काय, तर पाच-सहा डायपरवरनं आबा आता एका पातळ पॅडवर आहेत, तोही बाहेर जाताना, जोरात शिंक आली किंवा खाली वाकून उठलं तर दोन थेंब म्हणून. शंभर टक्के कोरडं करून देतो असं डॉक्टरांनी कधी म्हणलंच नव्हतं आणि तसं कुणी म्हणत असेल तर सावध राहा. एक गोष्ट गेली, ती म्हणजे सायकल. सीट बरोबर त्याच जागी दाबते जिथं पट्टा आहे, म्हणून सर्जननी बंद करायला लावली. आबा बागेत सायकलनं जायचे, ती आता ओसरीला लावून ठेवलीय, रोज पुसतात.

आणि हे यंत्र जन्मभराचं नाही हे आधी कळून घ्या. पट्ट्याखालची नलिका बारीक होऊ शकते, पट्टा आत रुतू शकतो, जंतुसंसर्ग झाला तर सगळंच काढावं लागतं, कुठं गळती लागली तर पाणी जातं. दहा वर्षांच्या आत-बाहेर बऱ्याच जणांचं परत ऑपरेशन होतं. आबा म्हणाले, "मला सत्तर झालीत, दहा वर्षं मिळाली तर बाग दोनदा नवी लावीन." आम्ही सही केली.

आता माझं. आमची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे, हिशेबाला मी बसते. सीझनला पोती उलटायला लागले की हवेत हळदीची धूळ, आणि शिंका. एक शिंक आली की साडी ओली. धाकट्याच्या बाळंतपणापासून थोडं होतं, चाळिशीनंतर वाढलं. मी पॅड लावून बसायचे, गडद साड्या नेसायचे, दुपारनंतर पाणीच प्यायचे नाही, आणि पॅडची पाकिटं माळ्यावर गोधड्यांच्या मागं. खाली जिन्यात आईंनी लपवलेली पिशवी, वर माळ्यावर माझी पाकिटं. आबांचं सगळं उघड झाल्यावर एका रात्री मी ह्यांना सांगितलं, त्याआधी नाही.

पहिल्यांदा ज्या डॉक्टरांकडं गेले (नाव नको) त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं, गर्भपिशवी काढून टाकू, वय झालंच आहे, सगळं थांबेल. माझी गर्भपिशवी व्यवस्थित आहे. मी घरी येऊन पुण्याच्या सर्जनना फोन लावला तर ते शांतपणे म्हणाले की शिंकताना लघवी सुटणं हा मूत्रनलिकेच्या आधाराचा प्रश्न आहे, गर्भपिशवीचा नाही, ती काढून हे थांबत नाही. बायांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. आपल्याकडं किती जणींच्या पिशव्या या आणि असल्या कारणांनी काढल्या गेल्या असतील, माझ्या ओळखीतच दोघी आहेत आणि दोघींचं गळणं तसंच आहे.

मग मिरजेत एका बाई डॉक्टरांकडं नीट तपासणी झाली. त्यांनी ऑपरेशनचं नाव न काढता तीन महिने ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम करायला लावले. लघवी मधेच रोखताना जे आवळतो ते स्नायू ओळखायचे आणि मग एरवी दिवसातनं तीनदा आवळून-सोडून करायचे, लघवी करताना नाही. केगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरनी १९४८ ला हे मांडलं म्हणून केगल व्यायाम म्हणतात. निम्मं कमी झालं माझं. अनेकींचं एवढ्यावरच भागतं. माझं शिंकेचं राहिलं, म्हणून टेप.

टेप म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्या जाळीची साधारण एक सेंटिमीटर रुंदीची पट्टी. मूत्रनलिकेच्या मधल्या भागाखाली झोळीसारखी ठेवतात, ताणून नाही, सैल, खोकला-शिंक आली की नलिकेला खालनं टेकू मिळतो. पहिली पद्धत टीव्हीटी, स्वीडनच्या उल्मस्टेन यांनी १९९६ ला मांडलेली, आणि दुसरी टीओटी, फ्रान्सच्या देलोर्म यांची, २००१ ची, त्यात पट्टी जांघेच्या बाजूनं काढतात. माझी टीओटी. यात दाबायला काही नाही, बटण नाही, बसवली की विसरायची.

पण विसरायच्या आधी विचारून घ्या. मी विचारलं होतं, कारण मोबाईलवर जाळीबद्दल नाही नाही ते वाचलेलं. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. ब्रिटननं २०१८ च्या जुलैमध्ये योनीमार्गे जाळी बसवायची ऑपरेशनं थांबवली, त्यात या टेपही आल्या, कारण कित्येक बायकांना कायमचं दुखणं लागलं होतं. अमेरिकेत २०१९ ला अंग बाहेर येण्याच्या त्रासासाठी योनीमार्गे बसवायच्या मोठ्या जाळ्यांची विक्री बंद करायला लावली, लघवीच्या टेप मात्र त्यात नव्हत्या. जाळी योनीत उघडी पडू शकते, लघवी अडू शकते, जांघ दुखत राहू शकते, आणि एकदा ती मांसात धरली की पूर्ण काढणं अवघड. जाळी नको असेल तर स्वतःच्याच पोटाच्या स्नायूवरचं आवरण घेऊन पट्टी करता येते, फक्त ऑपरेशन मोठं. हे सगळं ऐकून मी आठ दिवस विचार केला आणि टेप घेतली. घाई करणाऱ्या डॉक्टरकडं ही टेप बसवू नका, एवढं मी नक्की म्हणेन.

ऑपरेशन अर्ध्या तासाचं, दुसऱ्या दिवशी लघवी मोकळी होतीय बघून घरी. जिना चढताना डाव्या जांघेत तीन आठवडे चमक निघायची, मग गेली. सहा आठवडे कळशी नाही, सिलिंडर नाही, ह्यांनी आणि पोरांनी उचललं. त्यानंतरच्या हळदीच्या सीझनला पहिल्यांदा पोतं उलटलं, मला शिंक आली, आणि सवयीनं मी गादीच्या कडेला हात घट्ट धरला, पाय आवळले. काही झालं नाही. परत शिंक आली, परत काही नाही. हमाल बघत होते म्हणून नाहीतर मी तिथंच रडले असते. आता गडद साडीचा नेम नाही, भरपूर पाणी पिते.

एक सांगायचं राहिलं, माझ्या जावेला घाईची लघवी आहे, म्हणजे लागली की बाथरूमपर्यंत पोचतच नाही. तिला वाटलं आपणही टेप घालू. तिच्यासाठी टेप नाही, तो मूत्रपिशवीच्या आवळण्याचा त्रास आहे, त्याला आधी सवयी बदलणं आणि गोळ्या, त्यानं नाहीच भागलं तर माकडहाडाजवळच्या मज्जातंतूला बारीक करंट देणारं पेसमेकरसारखं यंत्र असतं. तिचं गोळीवर चाललंय.

खर्चाचं मोघम सांगते, टेपचं हजारात भागतं, स्फिंक्टरचं नुसतं यंत्रच लाखात जातं. आमचा मेडिक्लेम होता, त्यांनी आधी क्वेरी काढली की हे गरजेचं आहे का, तेव्हा त्या डायपरच्या वजनाचा कागद आणि टेस्टचे रिपोर्ट जोडले आणि मंजूर झालं. वजनाचा कागद फेकू नका.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर हे सगळं लिहायला बसले ते. गेल्या पावसाळ्यात आबांना न्यूमोनिया झाला, रात्री धाप लागली, जवळच्या एका दवाखान्यात कॅज्युअल्टीला नेलं, हे नेमके बाहेरगावी. डॉक्टरांनी सलाईन लावलं, ऑक्सिजन लावला आणि सिस्टरला सांगितलं की कॅथेटर टाका, लघवी मोजायचीय. स्फिंक्टरचा पट्टा फुगलेला असताना नळी आत सारली तर नलिका फाटू शकते, पट्टा आत रुतू शकतो, म्हणजे सगळं यंत्र वाया आणि आबा परत पहिल्या जागी. यंत्र बसवल्याचं कंपनीचं कार्ड मी फाईलला वरच लावून दिलं होतं, कुणी वाचलं नव्हतं. सिस्टर ग्लोव्हज घालून नळीचं पाकीट फाडत होत्या. मी ओरडले, "थांबा, त्यांना स्फिंक्टर बसवलाय, आधी तो बंद करा!" तर त्या म्हणाल्या, "बंदच आहे की मावशी, लघवी कुठं येतीय?"

तिथं माझ्या लक्षात आलं की मी शब्दच चुकीचा वापरला. पंपाला बाजूला एक बारीक बटण असतं. पंप दाबून पट्टा रिकामा केला आणि ते बटण दाबलं की पाणी परत येत नाही, पट्टा सैलच राहतो. याला डिॲक्टिव्हेट म्हणतात, आपण मराठीत म्हणतो यंत्र बंद केलं. पण यंत्र बंद म्हणजे रस्ता उघडा, आणि यंत्र चालू म्हणजे रस्ता बंद. ऐकणाऱ्याला बरोबर उलटं कळतं.

मी आबांच्या पायांवरची चादर धरून उभी राहिले, सुनेनं तिथं हात लावायचा नाही आणि सिस्टरलाही लावू द्यायचा नाही. आबा ग्लानीत होते, तरी "मणी... मणी..." म्हणत होते. पुण्याच्या सर्जनना रात्री पावणेबाराला फोन लावला, त्यांनी उचलला, त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही. ते ड्युटी डॉक्टरांशी बोलले, तासाभरानं गावातले एक युरोसर्जन आले, त्यांनी दोन मिनिटांत बटण दाबून पट्टा सैल करून ठेवला आणि बारीक नळी घातली. दोन दिवसांनी नळी काढली, आणखी काही दिवसांनी त्यांनीच पंप जोरात दाबून यंत्र परत चालू केलं. मधल्या काळात डायपर लागले तेव्हा आबांचा चेहरा उतरला, "मणी मेला काय गं?" म्हणून दोनदा विचारलं. मेला नव्हता.

त्या दवाखान्यावर मी तक्रार केली नाही, आबांचा जीव त्यांनीच वाचवला. पण कार्ड इंग्रजीत, बारीक अक्षरात, आणि रात्रीच्या कॅज्युअल्टीत ते कोण वाचणार? घरी आल्यावर आम्ही मोठ्या अक्षरात मराठी चिठ्ठी केली, दोन्ही सर्जनना दाखवून घेतली आणि लॅमिनेट केली. एक आबांच्या बंडीच्या खिशात, एक फाईलला, एक गाडीत, एक आईंच्या पर्समध्ये. आबांनी पाचवी बागेतल्या गड्याकडं दिली, स्वतःहून, जे माणूस वर्षभर आम्हाला सांगत नव्हतं. मजकूर असा आहे, कुणाला लागली तर तुमच्या सर्जनना विचारून वापरा :

"माझ्या मूत्रनलिकेभोवती कृत्रिम स्फिंक्टरचा पट्टा आहे. पंप अंडकोशात उजव्या बाजूला आहे. लघवीची नळी घालण्याआधी पट्टा सैल करून लॉक करावा लागतो. हे युरोसर्जननीच करावे. तोपर्यंत नळी घालू नये. खालच्या नंबरवर कोणत्याही वेळी फोन करावा."